गिटार विकायची आहे, खुणांसकट

गिटार विकायचं खूळ यांच्या डोक्यातलं, पण जाहिरातीत नंबर टाकायला लावला माझा. का, तर म्हणे, "मला फोनवर बोलायचा कंटाळा." मला जशी काही फोनची हौसच. मी घरी कपडे दुरुस्तीची कामं घेते, चेन बदलणं, पँट आखूड करणं, कुणाचा ब्लाउज उसवून मोठा करणं. दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकेफोड असतेच, त्यात ही आणखी एक.

गिटार लग्नाआधीपासूनची. गोदामातून घरी आले की हे हातपाय धुवायचे, खाटेच्या कडेला बसायचे आणि ताट वाढेपर्यंत वाजवत राहायचे. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण ती वाजायला लागली की माझं कढईवरचं लक्ष जरा उडायचं, एवढं खरं. मागच्या थंडीपासून वाजवणं कमी कमी होत बंदच पडलं. विचारलं तर म्हणाले, बोटं दुखतात. आणि मग एक दिवस म्हणाले, उगाच धूळ खात पडलीय, विकून टाक. गोदामात जे झालं त्याने मन उडालं असेल असं मी धरून चालले.

गोदामात झालं ते असं. हे तिथे फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, चालवतात. गाडी मागे घेताना मागे कुणी माल लावत असेल तर त्याने मोठ्याने "आहे" म्हणून हाक मारायची आणि चालवणाऱ्याने जागच्या जागी थांबायचं, ही तिथली जुनी रीत. आरसे आले, भोंगे आले, बिघडले, पण माणसांचा भरवसा हाकेवरच. त्या दिवशी मागे लंबू होता. उंच म्हणून सगळे त्याला लंबू म्हणतात. गाडी थांबली नाही. चाक त्याच्या पायावरून गेलं आणि दवाखान्यात त्याचं पाऊल काढावं लागलं.

यांनी साहेबांना सांगितलं, लंबूने हाक मारलीच नाही. लंबू म्हणतो मारली, एकदा नाही, घसा फुटेस्तोवर मारली. जवळ तिसरं कुणी नव्हतं. आता सोमवारी चौकशी होती. तिथे यांनी तेच पुन्हा सांगितलं की चूक लंबूची ठरणार आणि त्याला भरपाईतला छदामही मिळणार नाही. हाक मारली होती असं ठरलं तर चूक यांची. मग नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर या दोन खोल्याही, कारण जागा कंपनीची.

मी यांच्या बाजूने होते. दुसऱ्या कुणाच्या असणार? लंबूची बायको एकदा दारात आली होती. मी तिला आत ये म्हटलं नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, ताई, ते ओरडले होते हो, भाऊजींना एकदा विचारून तर बघा. मी म्हटलं, आमचे हे खोटं बोलत नाहीत, आणि दार लावून घेतलं. हे आत पाठमोरे बसून पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. बायकांच्या बोलण्यात पडायचं नसेल, असं मला वाटलं.

तर जाहिरात. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला आहे, तिने फोनवरून सगळं शिकवलं. आई, फोटो उजेडात काढ, पत्ता लगेच देऊ नकोस, कुणी यायचं म्हटलं तर बाबा घरी असतील तेव्हाच बोलाव. मी गिटार ओल्या फडक्याने पुसली, कोरड्या फडक्याने पुसली, खिडकीपाशी उभी केली आणि एकेका ओरखड्याचा वेगळा फोटो काढला. मुलगी म्हणाली, अगं दोष कशाला एवढे दाखवतेस? पण मी एकदा असंच नेटवरून जुनं वॉशिंग मशीन घेऊन फसलेली आहे; त्या बाईच्या नावाने मी अजून बोटं मोडते. माझ्या नावाने कुणी मोडू नयेत.

पुसताना एक गोष्ट दिसली. गिटारीच्या पोटाची वरची कड असते ना, मांडीवर घेतल्यावर छातीशी येते ती, तिथे लाकडात बारीक बारीक खड्डे पडले होते. जवळजवळ, एकाशेजारी एक. मी यांच्यापुढे गिटार धरली आणि बोट ठेवून विचारलं, हे काय? यांनी पाहिलं आणि म्हणाले, "उंदीर." मी म्हटलं, बाकी सगळं सोडून याला हीच जागा बरी सापडली. हे तोवर टीव्हीकडे वळले होते. मी जाहिरातीत लिहून टाकलं: वरच्या कडेला उंदराने चावल्याच्या खुणा आहेत, फोटो पाहावा.

मग सुरू झाला तमाशा. "आहे का?" म्हणून विचारायचं आणि "आहे" म्हटलं की गायब व्हायचं, हा लोकांचा उद्योग. एकाने विचारलं, बदल्यात कबुतरं चालतील का? एक रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवायचा, गिटारीचं नावही काढायचा नाही. एकाला उंदीरही सोबत हवा होता. फोन वाजला की हातातलं शिवण टाकून धावायचं आणि नाही वाजला तरी सारखा उचलून बघायचा. अनोळखी माणसाला आपलं घर दाखवायचं म्हणजे काय, हे ज्याने कधी काही विकलं नाही त्याला कळायचं नाही.

मधेच एका लांबच्या गावच्या माणसाने घ्यायची तयारी दाखवली. बोलायला गोड. म्हणाला, पार्सलने पाठवा, पण आधी तारा सैल करा, नाहीतर वाटेत गिटारीची मान मोडेल. मी लगोलग सगळ्या खुंट्या फिरवून तारा लोळवल्या. मग त्याने कसलासा चौकोनी कोड पाठवला आणि म्हणाला, हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील. मुलीला दाखवला तर ती फोनवरच किंचाळली. त्याला घालवला, पण तारा तशाच राहिल्या. यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, तुला हात लावायला कुणी सांगितलं होतं? म्हणून मी आपल्या अंदाजाने खुंट्या परत पिळल्या. मशीनचा दोरा ताणून बघते तसं एकेका तारेला बोट लावून पाहिलं, सगळ्या सारख्या कडक लागल्या. झालं काम, म्हटलं.

शेवटी एक खरा माणूस मिळाला. घरांना रंग देणारा पेंटर, नखांत पांढरा रंग, बोलणं मोजकं. रविवारी दुपारी आला. हे घरी होते, चांगला शर्ट घालून बसले होते. मी चहा ठेवला. पेंटरने गिटार उलटीसुलटी करून पाहिली, वरच्या कडेवरून अंगठा फिरवला, उंदराबद्दल काही बोलला नाही. मग म्हणाला, दादा, एकदा तुमच्या हातून वाजवून दाखवा ना.

हे त्याच्या तोंडाकडे बघत होते. हसले. म्हणाले, "बरेच दिवस हात नाही लावला." पण घेतली. मांडीवर घेताना तिच्याकडे बघितलं ते असं, की मला उगाच भरून आलं. एक तार छेडली, एक खुंटी जराशी फिरवली, दुसरी छेडली, मान डोलावली. आणि वाजवायला लागले.

ते किती भयंकर होतं ते मला सांगता येणार नाही. मला काही कळत नाही म्हणते ना, पण ते मलाही कळलं. रोज संध्याकाळी ऐकलेलं तेच गाणं, आणि त्यातला एकही सूर जागेवर नव्हता. भांड्यांची मांडणी कोसळावी तसं एकेक वाजत होतं. मी चहाची किटली हातात धरून दारात उभी राहिले. मला वाटलं आता थांबतील, चिडतील, तारांना कुणी हात लावला म्हणून माझ्यावर ओरडतील. ओरडा हो, असं मी मनात म्हणत होते.

हे थांबले नाहीत. बोटं कुठे चुकत नव्हती. डोळे मिटले होते, पाय ठेका धरत होता, चेहऱ्यावर तोच जुना आनंद. पूर्ण गाणं वाजवलं, शेवटची तार हलकेच सोडली आणि डोळे उघडून पेंटरकडे बघितलं. "अजून दम आहे तिच्यात," असं म्हणाले.

पेंटरने आधी माझ्याकडे पाहिलं. मग यांच्याकडे वळून तो सावकाश म्हणाला, "फार छान वाजवता, दादा." हे खूश झाले आणि गिटारीची पिशवी आणायला आत गेले.

तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "वहिनी, दादांना ऐकू येत नाही का?"

मी म्हटलं, "येतं की. न यायला काय झालं?"

त्याने खिशातून पैसे काढले. ठरलेला भाव मोजून दिला, घासाघीस केली नाही. केली असती तर मला बरं वाटलं असतं. खांद्याला गिटार लावून तो जिना उतरला आणि हे खिडकीतून तो वळणाआड होईपर्यंत बघत राहिले.

मी चहा तसाच ओतून टाकला. एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहायला लागली. फोनचा कंटाळा. टीव्हीवर खाली अक्षरं येतात तेच कार्यक्रम बघणं. मी हाक मारली की उत्तर नाही, आणि मी आपली समजायचे, शिलाई मशीनच्या आवाजात गेलं असेल. एका घरात, एका खाटेवर, आणि मला पत्ता नाही. राग यांचा आला तसाच माझाही आला.

आणि मग लंबू आठवला. घसा फुटेस्तोवर.

मी यांच्या समोर जाऊन बसले. विचारलं, कधीपासून? यांनी आधी नेहमीसारखं काय, कसलं, काहीतरीच, असं केलं. मी म्हटलं, तारा मी बिघडवल्या होत्या, सगळ्या. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. काय वाजवलं आणि कुणापुढे, ते त्यांना तेव्हा समजलं. दोन्ही हात मांडीवर उलटे पडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला मी रडताना पाहिलं नव्हतं.

मग डोळे पुसून हे बोलायला लागले. ऐकणं कमी होत गेलं तसे गिटारीच्या कडेला दात टेकवून वाजवायला लागले होते, मी मशीनवर असेन तेव्हा. दात टेकवले की सूर हाडांतून वर यायचा. उंदीर तो. थंडीपासून तसंही ऐकू येईनासं झालं. डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण डॉक्टरचा कागद गोदामात गेला असता तर त्याच दिवशी गाडी काढून घेतली असती.

मी विचारलं, "आणि लंबूची हाक?"

"मी ऐकली नाही. यात खोटं काय आहे?"

"तुम्ही साहेबांना सांगितलंत, त्याने मारलीच नाही."

खाली कुणाची तरी मोटरसायकल चालू होत नव्हती, किक मारून मारून माणूस दमला होता. तो आवाज एकटी मीच ऐकत होते.

"मारली असेल," हे म्हणाले. "मी वळलो तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं. मला वाटलं दुखतंय म्हणून." आणि मग माझ्याकडे बघून, आवाज सांभाळता न आल्यामुळे जरा मोठ्यानेच म्हणाले, "उद्या काय सांगू? तू सांगशील ते सांगतो."

हे माझ्यावर टाकायला नको होतं. दारात उभी राहिलेली ती बाई मला दिसली. एका पावलाचा माणूस आता कुठे काम करणार, तेही दिसलं. आणि त्याच वेळी मी भिंती बघत होते, ओटा, माझं मशीन, खिडकी. हे सगळं उचलून कुठे ठेवायचं? मुलीला काय सांगायचं? ऐकू न येणाऱ्या माणसाला या वयात कोण ठेवून घेतं? मनात म्हटलं, महिन्याभरात काहीतरी कारण काढून गाडीवरून उतरायला लावू, हिशेबाच्या टेबलावर बसवा म्हणून साहेबांच्या हातापाया पडू. पुन्हा कुणाला इजा होणार नाही. झाली ती झाली. असं मी स्वतःला सांगितलं, आणि सांगताना मला माझीच किळस आली.

मी मान खाली घालून, पुटपुटल्यासारखं म्हणाले, "आधी सांगितलंत तेच सांगा."

यांनी पुढे वाकून माझी हनुवटी वर केली.

"काय? दिसलं नाही. परत सांग."

मी परत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, यांना नीट दिसेल असं.