बेबी लीचं खरं वय

शनिवारी सकाळी कार्लेटाच्या पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. रविवारी चर्चला जायचं तर केस नीट हवेत, आणि मेरिडियन गावातल्या निम्म्या बायकांचा कार्लेटाच्या केस सरळ करणाऱ्या तापल्या कंगव्याशिवाय कशावर भरवसा नाही. तिची आई लुवेनिया कोपऱ्यात बसून टॉवेलांच्या घड्या घालत असते. सदुसष्ट वर्षांची बाई, बोलते कमी. गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज फाटला तो फाटलाच. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा येतो, म्हणून चारचौघांत ती तोंड उघडत नाही.

त्या शनिवारी रेडिओवर रॉस्को टिब्सचा कार्यक्रम लागला होता. चर्चच्या तळघरातलं स्टेशन ते, गावाबाहेर ऐकूही जात नाही. टिब्स कुणी न विचारलेल्या, काळ्या गायकांच्या सोल गाण्यांच्या तबकड्या भंगारातून उचलतो आणि त्यांचे गायक शोधत बसतो.

"मंडळी, ही अडुसष्ट सालची," तो म्हणाला. "कंपनी आपल्याच गावातली, कधीच बुडाली. वर छापलंय, बेबी ली, वय वर्षे चौदा. ही पोर कोण हे कुणाला ठाऊक असेल तर फोन करा."

गाणं सुरू झालं आणि लुवेनियाच्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

आवाज बारीक, चिरका, धावत सुटलेला. खुर्चीत बसलेली मिस आयडेल म्हणाली, "अगं बाई, हिची बस चुकतेय की काय?"

कार्लेटाने कंगवा वर धरून क्षणभर कान दिला. "पोर कसली, मिस आयडेल. डब्यात अडकलेला उंदीर आहे तो."

अख्खं पार्लर हसून हसून वाकलं. लुवेनियाने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करणार कुणाकडे?

तो उंदीर म्हणजे ती स्वतः होती.

तेवीस वर्षांची असताना लुवेनिया लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभी असायची. पायाने दांडा दाबायचा, जड झाकण खाली यायचं, वाफ सुटायची, पाय उचलायचा. त्या ठेक्यावर तिने गाणं रचलं होतं. कामावरून दमून आलेल्या माणसाला म्हणायचं गाणं: बस जरा, बूट काढ, दिवसाने तुला पुरतं पिळलं. खर्जातलं, सावकाश. डुप्री नावाच्या गृहस्थाने फर्निचरच्या दुकानामागे ते ध्वनिमुद्रित केलं, पाठ थोपटली आणि दोन आठवड्यांनी तबकडी हातात दिली. त्याला विकायला बाल कलाकार हवी होती, म्हणून शहाण्याने टेप जास्त वेगाने पळवून लुवेनियाची चौदा वर्षांची पोर करून टाकली होती. नावही बदललं. असल्या माणसाला कला कशाशी खातात ते ठाऊक नसतं, पण स्टुडिओ मात्र त्याच्याकडेच असतो.

तबकडी कुठेच वाजली नाही. लुवेनियाने लाजेने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. एकट्या नवऱ्याला, हर्शेलला ठाऊक होतं, आणि तो ते सोबत घेऊन गेला. ऑपरेशन झालं तेव्हा कार्लेटा दोन वर्षांची होती. आईचा फाटका आवाज हाच तिला आईचा आवाज. मोठी होऊन कार्लेटा चर्चमध्ये गाऊ लागली, भरदार खर्जात, आणि लोक म्हणायचे, "हर्शेलच्या बहिणीवर गेलीय." लुवेनिया दर वेळी मान डोलवायची. एवढी एक गोष्ट तिला आतून खात आली होती. स्वतःच्या पोरीने आपल्याला एकदा तरी ऐकावं, आणि उंदीर म्हणून नव्हे.

आठवडाभर ती विचार करत राहिली. पुढच्या शनिवारी म्हणाली, "मला त्या रेडिओवाल्याकडे सोड."

"आत्ता? मिस आयडेलचं अर्धं डोकं व्हायचंय, ममा."

"आत्ताच."

आई कधी काही मागत नाही, म्हणून कार्लेटाने मिस आयडेलकडून अर्धा तास मागून घेतला आणि गाडी काढली.

तळघरात टिब्स माइक बंद करून, एक गाणं लावून जुनाट रेकॉर्ड प्लेअरपुढे बसला होता. लुवेनिया उभ्या उभ्याच म्हणाली, "ती बेबी ली मी आहे."

कार्लेटा दारातच थबकली. "ममा, काहीतरीच काय?"

टिब्स भला माणूस, हसला नाही. "मिस लुवेनिया, रागावू नका. या आठवड्यात तीन बेबी ली येऊन गेल्या. एक तर सत्तर साली जन्मलेली. तुम्ही दोन ओळी म्हणून दाखवाल?"

"म्हणता आलं असतं तर इथे कशाला आले असते?" ती खरखरली. "लाव ती. मी सांगते तशी."

"आता तिचीच पाळी आहे. पण आपण थेट प्रसारणात आहोत, सगळं गाव ऐकेल."

लुवेनियाने पोरीकडे पाहिलं. कार्लेटा जमिनीकडे पाहत होती, आईची लाज वाटल्यासारखी. मग मात्र लुवेनिया पुढे सरली. "ऐकू दे."

सुई टेकली. उंदीर पळत सुटला. लुवेनियाने फिरत्या चकतीच्या कडेला एक बोट टेकवलं आणि हलकेच दाबलं. आवाज डळमळला, रडका झाला. टिब्सचा हात पुढे आला, पण तिने मानेनेच नको म्हटलं. डोळे मिटले. उजवा पाय खाली दाबला, उचलला, दाबला, उचलला. जड झाकण, वाफ, जड झाकण, वाफ. बोट पायाचं ऐकू लागलं. घाईतलं गाणं चालू लागलं, चिरका आवाज उतरत उतरत खाली आला, आणि एका ठिकाणी येऊन स्थिर झाला.

तळघरात एक तरुण बाई गात होती. बस जरा, बूट काढ. अंगावर ऊबदार गोधडी टाकावी असा तो आवाज होता. लुवेनियाने तो ऑपरेशननंतर त्रेचाळीस वर्षांनी ऐकला. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, पण तिला नुसतं बरं वाटलं.

टिब्सने टोपी काढून मांडीवर ठेवली. कार्लेटाचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला होता.

गाणं संपायच्या आत फोन वाजला. टिब्सने माइक सुरू करून तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, आणि मिस आयडेलचा आवाज तळघरात घुमला. "टिब्स, ती कार्लेटा तिथेच आहे ना? तिला विचार, माझं अर्धं डोकं तसंच टाकून रेकॉर्ड करायला पळालीस होय? इथे सगळ्याजणी विचारतायत, ही गायली कधी?"

कार्लेटा माइकपाशी वाकली. "मी नाही, मिस आयडेल," ती म्हणाली. "ती माझी आई आहे." मग आईकडे वळून, अगदी हळू, "ममा, मी तुला उंदीर म्हटलं गं."

"मीही तेच म्हणत होते," लुवेनिया म्हणाली. "इतकी वर्षं."

कार्लेटाने माइक आईपुढे सरकवला. लुवेनियाने आयुष्यात दुसऱ्यांदा माइकसमोर तोंड उघडलं, आणि आपला फाटका आवाज आहे तसा गावाला ऐकवला.

"माझं नाव लुवेनिया टॉलिव्हर. तेव्हा मी चौदा नाही, तेवीस वर्षांची होते."

पलीकडे हेअर ड्रायरची घरघर कुणीतरी बंद केली.

"मग पुन्हा लावा ना," मिस आयडेल म्हणाली. "माझं डोकं थांबेल."

टिब्सने सुई उचलून पहिल्या रेघेवर आणली. लुवेनियाने बोट पुढे केलं, मग थांबून पोरीचा हात धरला आणि तिचं बोट चकतीच्या कडेला टेकवलं.

"माझ्या पायाकडे बघ," ती म्हणाली, "आणि घाई करू नकोस."