नवव्या चौकटीतली सही

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, कुरुळीच्या पुढे एमआयडीसीकडे वळायला दुभाजकात जी फट ठेवली आहे तिथे, दिपाली शिंगाडेची मोटारसायकल बंद पडली. मिनिटभराच्या आत चाकणकडून येणाऱ्या टेम्पोने तिला उडवलं; ती बेशुद्धच दवाखान्यात गेली. हेल्मेट डोक्यावर होतं. लायसन्स पर्समध्ये होतं. कंपनीच्या पार्किंगचा पास टाकीवर चिकटवलेला होता, एका दिवसाचा जुना.

फटीशेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या छबूबाईंनी पोलिसांना सांगितलं, "मागनं डंपरनं हॉर्न मारला, तशी पोर दचकली आन् गाडी बंद. मंग नुसतं चालू करायचं बटन दाबतीया, दाबतीया, गाडी काय घेईना. म्या वरडले, अगं सोड ती गाडी, पळ! तिला न्हाई आलं ऐकू."

पंचनाम्यात एक ओळ अशी होती: उजव्या मुठीजवळील इंजिन बंद करण्याचे लाल बटण 'बंद' स्थितीत आढळले.

ही ओळ बुधवारी संध्याकाळी इंदुताईंच्या कानावर आली, तेव्हा त्या चिखलीच्या मैदानावर एका नव्या बाईला क्लच शिकवत होत्या. त्यांनी गाडी स्टँडवर लावायला सांगितली आणि पोट बिघडलंय म्हणून घरी निघून गेल्या.

इंदुताई सहा वर्षं बायकांना गाडी शिकवत होत्या. त्याआधी वायरिंगच्या कारखान्यात लाईनवर होत्या, त्यामुळे शिकवणंही लाईनसारखंच: नऊ धडे, एक पिवळं कार्ड, कार्डावर नऊ चौकटी, धडा झाला की चौकटीत सही. आसपासच्या दोन-तीन कंपन्यांत तर नव्याने गाडी शिकलेल्या बाईला हे कार्ड पुरं भरल्याशिवाय पार्किंगचा पास मिळत नसे. याचा इंदुताईंना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

मैदानावर त्यांची जीभ चाले. "अगं, क्लच असा सोडतात का? लेकीला सासरी धाडताना हात सोडतेस तसा सोड, हळूहळू." बायका हसत आणि हसता हसता गाडी उधळवत. नवखीचं नेहमी हेच होतं. गाडी पुढे झेपावली की ती घाबरून मूठ आणखी पिळते. ब्रेक कुठला, क्लच कुठला, काही आठवत नाही. त्यावर इंदुताईंनी उपाय काढला होता. पहिल्या दिवसापासून त्या एकच शब्द ओरडत: "लाल!" उजवा अंगठा लाल बटणावर पडायचा, इंजिन मरायचं, गाडी मैदानात जागच्या जागी थांबायची. आठ धडे हेच. इतकं, की शेवटी ओरडावंही लागत नसे. अंगठा आपोआप जाई. सहा वर्षांत त्यांच्या मैदानावर कुणाचं हाड मोडलं नव्हतं.

नववा धडा रस्त्यावरचा. त्यात हे सगळं मोडायचं. चालत्या रस्त्यावर लाल बटणाला हात लावायचा नाही. घाबरलात तर क्लच दाबा, ब्रेक दाबा, कडेला घ्या. आणि गाडी बंद पडून सुरूच होत नसेल, तर आधी लाल बटण बघा, मग न्यूट्रल, मग साइड स्टँड. इंदुताई स्वतः मागे बसत आणि भर ट्रॅफिकमध्ये शिकणारीच्या अंगठ्यावर चापट्या मारत. दोन तास लागत. तो अंगठा सहजासहजी विसरत नसे.

दिपालीचा नववा धडा झाला नव्हता.

रविवारी सकाळी ती कार्ड घेऊन इंदुताईंच्या दारात आली. "ताई, उद्यापासून फर्स्ट शिफ्ट लागलीय. आमच्या बाजूची बस बंद केली. यांच्या कंपनीची नाईटला बस आहे, म्हणून गाडी मला मिळतीय. उद्या पास नसला तर लाईनवरून काढून पॅकिंगला टाकतील."

"आणि नववा?"

"गुरुवारी सुट्टीच आहे. गुरुवारी पहिला नंबर माझा, तुमची शपथ."

इंदुताईंच्या हाताला कणीक लागली होती. त्यांनी पदराला बोटं पुसली, आणि शूरॅकवर कार्ड ठेवून सही केली. जाताना आपण तिला लाल बटणाचं काही बोललो का, हे त्या बुधवारपासून आठवत होत्या. सावकाश जा, हे म्हटल्याचं नक्की आठवत होतं. हेल्मेटचा बंद लाव, हेही. पुढचं काही आठवत नव्हतं.

गुरुवारी, नवव्या धड्याच्या वेळेला, मैदानावर दिपालीच्या कंपनीचा सेफ्टी ऑफिसर आदिनाथ आला. तिशीतला, सभ्य, सुट्टीच्या दिवशीही गळ्यात ओळखपत्र.

"ताई, कार्ड पुरं होतं म्हणून वाचलो सगळे," तो म्हणाला आणि टाईप केलेला कागद पुढे केला. दिपाली शिंगाडे यांना नववा धडा, रस्त्यावर लाल बटण न वापरण्याच्या सूचनेसह, रविवारी देण्यात आला. खाली सहीची जागा.

इंदुताईंनी कागद दोनदा वाचला. आदिनाथ मैदानाकडे बघत म्हणाला, "रविवारी तुमचा क्लास बंद असतो, हे मला माहीत आहे. मी विचारत नाहीये."

"आणि मी सही नाही केली तर?"

"कार्ड खोटं म्हणजे पास खोटा. पास खोटा, तर कामावर येतानाचा अपघात म्हणून कंपनी पाठीशी उभी राहणार नाही. दवाखान्याचं सगळं तिच्या नवऱ्याच्या अंगावर पडेल. तुमचा क्लास तर जाईलच, पण ते सोडा."

"आणि केली तर?"

"तर शिकवूनही ती चुकली. एवढंच. नोटीस बोर्डवर पोस्टर लावू, नवीन चालकांसाठी धडा म्हणून. नाव नाही टाकणार तिचं."

"सगळ्यांना माहीत आहे नाव."

"ताई, ती तर आता सांगायला येत नाही."

हे ऐकून इंदुताईंना क्षणभर बरं वाटलं. मग आपल्याला कशामुळे बरं वाटलं ते त्यांना कळलं, आणि त्यांनी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. "सोमवारपर्यंत द्या," आदिनाथ म्हणाला. जाताना त्याने गाडीचा साइड स्टँड पायाने वर केला, मुद्दाम खाली वाकून पाहिला, आणि मग चावी फिरवली.

शनिवारी त्या पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. आयसीयूबाहेरच्या बाकावर दिपालीचा नवरा गणराज आणि सासू केसरबाई बसले होते. पाच दिवसांत गणराजची दाढी वाढली होती.

"म्या म्हनलं व्हतं," केसरबाई कुणाकडेही न बघता बोलल्या, "बाईमानसाला कशाला पायजे गाडी. ऐकतंय कोन."

"आई, गप," गणराज म्हणाला. मग इंदुताईंकडे वळला. "तिचं असंच हाय, ताई. दहादा सांगावं तवा एकदा डोक्यात शिरतंय. पोलीस म्हनले, तिनंच बटन बंद केलं. आता भर रस्त्यात कुनी बटन बंद करतंय का? तुमी तर सांगितलंच असंल."

इंदुताई म्हणाल्या, "घाबरल्यावर काय करायचं, ते मीच तिला शिकवलं होतं, गणराज."

"व्हय ना," गणराज म्हणाला. "तरी बी."

पुढचं वाक्य इंदुताईंच्या तोंडात तयार होतं. ते त्या बोलल्या असत्या तर बाकावर बसलेल्या या माणसाचा बायकोवरचा राग त्याच क्षणी उतरला असता, आणि सोमवारपासून दवाखान्याचं बिल त्याच्या नावावर फाडलं गेलं असतं. त्यांनी पर्सची चेन उघडली, बंद केली. "जेवलास का?" त्यांनी विचारलं.

चार वाजता आत सोडलं, एकेकाला. इंदुताई दोन मिनिटं उभ्या राहिल्या. दिपालीचा उजवा हात चादरीबाहेर होता आणि त्याचा अंगठा थांबून थांबून आत वळत होता. त्यांनी नर्सला विचारलं.

"कालपासून हलतोय," नर्स म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, त्यावरून काही धरून चालू नका."

सोमवारी दुपारी बारा वाजता आदिनाथचा फोन आला, मग सव्वाबाराला, मग एकला. इंदुताई मैदानावर होत्या. फोन वाजत होता हे तिथल्या सगळ्या बायकांनी ऐकलं. कंपनीच्या गेटजवळच्या नोटीस बोर्डवर पोस्टर लागलं आहे. दिपाली शुद्धीवर आलेली नाही. कागद पर्समध्येच आहे, सहीविना.