म्हातारीला विश्रांती

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो. भट्टी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लोहार नाहीतर विटा येतील, पण मी तशी नव्हे. बर्फाळ विनिपेग शहराच्या उत्तर भागातल्या एका लाकडी घराच्या तळघरात मी उभी होते. माझ्या पोटात गॅस जळायचा आणि माझा पंखा गरम हवा पत्र्याच्या नळांमधून घरभर पोचवायचा. प्रत्येक खोलीच्या जमिनीत एक लोखंडी जाळी होती. तिथून माझा श्वास वर यायचा.

मला त्या घरात आणलं तेव्हा मेट्रो आणि स्तेफानिया या नवराबायकोचा मुलगा ओरेस्ट नुकताच रांगू लागला होता. ओरेस्टचा बाप मेट्रो हा रेल्वेच्या यार्डात कामाला होता. चार माणसांनी मला जिन्यावरून खाली उतरवलं, आणि मेट्रोने माझ्या पत्र्यावर दोन थापा मारून विचारलं, "काय म्हातारे, जगशील ना?" मी तेव्हा कोरी करकरीत होते. म्हातारी म्हटल्याचा मला राग आला, पण पुढे तेच माझं नाव पडलं.

दर महिन्याला मेट्रो खाली यायचा, धुळीने भरलेली हवेची गाळणी काढून नवी बसवायचा, आणि जाताना दोन थापा. मला तेवढं पुरायचं. हिवाळ्यात बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते अशी तिथली थंडी. मी सहा महिने राबायचे. उन्हाळ्यात अंगणातलं गार हवेचं यंत्र मिरवायचं, पण त्याची हवासुद्धा माझाच पंखा ढकलायचा. नाव त्याचं आणि काम माझं.

सकाळी ओरेस्ट अंथरुणातून उठून थेट जाळीवर उभा राहायचा. त्याचा लांब सदरा हवेने फुगायचा आणि तो खदखदून हसायचा. जाळीभोवती ओले हातमोजे वाळायचे. ईस्टरच्या आधी स्तेफानिया गोड पावाचं पीठ भिजवून, वर जाड टॉवेल घालून, ते उबेने फुगावं म्हणून परात स्वयंपाकघरातल्या जाळीजवळ ठेवायची. "हळू गं म्हातारे, आच लागू देऊ नकोस," असं ती खाली वाकून मला सांगायची. तिचं पीठ मी कधीच बिघडवलं नाही, हे मी आजही छाती फुगवून सांगते.

मग ओरेस्ट मोठा झाला, कॅलगरीला नोकरीला गेला आणि तिथेच संसार थाटला. एका सकाळी दारापुढचा बर्फ फावड्याने उपसताना मेट्रो खाली कोसळला तो उठलाच नाही. त्यानंतर थापा बंद झाल्या. स्तेफानियाचे गुडघे जिना उतरू देत नव्हते, त्यामुळे गाळणी तशीच राहिली. मी तक्रार केली नाही. करणार तरी कशी?

त्याच सुमारास शेजारच्या ओल्हाची भट्टी गेली. ती सांगायला आली तेव्हा मी नळांतून सगळं ऐकत होते.

"नुसती भट्टी बदलून भागत नाही, बाई. गार हवेचं यंत्रही तिच्याबरोबर नवं घ्यावं लागतं. जुन्याशी नव्याचं जुळत नाही म्हणे. अठरा हजार डॉलर गेले."

"अठरा? अगं, आम्ही हे घर त्याहून कमी पैशात घेतलं होतं."

"तेव्हाचं तेव्हा. तुझी किती जुनी?"

"माझी अजून चालते," स्तेफानिया म्हणाली. पण तिचा आवाज खाली आला होता.

ओल्हा गेल्यावर ती ओरेस्टच्या खोलीत गेली आणि तिने जाळीचा खटका ओढून ती बंद केली. मग पाहुण्यांची खोली. मग मेट्रो जिथे वर्तमानपत्र वाचत बसायचा ती. "एवढ्या खोल्या कुणासाठी तापवतेस गं," ती जाळीत तोंड घालून म्हणाली. "कर थोडी विश्रांती. तुला जपलं पाहिजे. तू गेलीस तर मला या घरात राहता यायचं नाही."

मित्रांनो, तिथले कितीतरी लोक हीच चूक करतात. त्यांना वाटतं, जाळ्या मिटल्या की भट्टीचं ओझं हलकं होतं. पण पंखा तेवढीच हवा ढकलतो, तिला वाट मिळत नाही, आणि सगळी धग माझ्याच अंगात कोंडते. त्यात गाळणी धुळीने बुजलेली. दोन हिवाळे मी आतल्या आत भाजले. तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या पोटाच्या पत्र्याला चीर गेली.

गार्थ नावाचा कारागीर तपासायला आला. त्याने दिवा आत घालून पाहिलं, गॅस बंद केला आणि माझ्या गळ्यात लाल चिठ्ठी अडकवली. वर जाऊन तो म्हणाला, "आजी, हिच्यातून विषारी वायू घरात येईल. आता हिला पेटवायचं नाही. या जाळ्या कधीपासून बंद आहेत?"

"विश्रांती देत होते तिला."

तो आपला दिवा पिशवीत भरू लागला. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हणजे मीच मारलं का तिला?"

"छे हो आजी. जुनीच झाली होती ती."

तो भला माणूस होता, म्हणून खोटं बोलला. तिला ते कळलं आणि मलाही कळलं.

त्या संध्याकाळी ओरेस्टचा फोन आला. "आई, नव्या भट्टीचे निम्मे पैसे मी कसेबसे उभे करीन. उरलेले कुठून आणणार तू? पेन्शनमधून?"

"स्वयंपाकघरात शेगडी लावून राहीन मी."

"आणि थंडीने पाण्याचे नळ गोठून फुटले म्हणजे? आई, ऐक माझं. मी न्यायला येतो."

तिने स्वयंपाकघरातल्या गार जाळीवर पाऊल टेकवून पाहिलं. मग म्हणाली, "ये बाबा."

निघायच्या दिवशी ओरेस्ट सामान गाडीत भरत होता. स्तेफानियाने एकेका खोलीत जाऊन सगळ्या जाळ्या उघडल्या. मग ती जिन्याच्या पायऱ्यांवर बसत, सरकत खाली आली. किती वर्षांनी आली होती! तिने माझ्या गार पत्र्यावर दोन थापा मारल्या. "काय म्हातारे," ती म्हणाली. ती तिथेच कपाळ टेकून रडली. माझ्यात ऊब असती तर मी तिला तेवढी तरी दिली असती.

आता मी भंगाराच्या आवारात पडले आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी न बोलता राबत असेल. यंत्र असेल, नाहीतर माणूस. त्याची दया येऊन त्याच्या वाटा मिटवू नका. अधूनमधून खाली उतरा, धूळ झाडा, दोन थापा मारा.

ईस्टर जवळ आला आहे. कॅलगरीच्या त्या घरात तिला परात ठेवायला उबेची जागा मिळाली असेल का, हे मला कुणी सांगत नाही.