फाटकावरचा श्वासमापक

मित्रांनो, मी एक श्वासमापक आहे. मुठीत मावेल एवढाच. वय आठ वर्षं. पण आम्हा यंत्रांत एवढ्या वयाला म्हातारा म्हणतात. कोल्हापुरातून कळंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक धर्मादाय रुग्णालय आहे. तिथल्या नऊ नंबरच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर मी असतो.

माझं काम साधं होतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासात धुरातला विषारी वायू उरतो, तो मी मोजायचो. माणसानं पंधरा अंक मोजेपर्यंत श्वास रोखायचा आणि मग कागदी नळीतून सावकाश फुंकायचं. सहाच्या आत हिरवा दिवा, दहाच्या वर लाल. दोन दिवस धूर बंद ठेवला की आकडा उतरतो. एखाद्याला आपलं शरीर सावरताना डोळ्यांनी दिसावं, एवढ्यासाठीच मला घडवलं होतं.

मला इथं आणलं ते संघप्रियाताईंनी. त्या इथल्या समुपदेशक. त्यांच्याकडे पहिले आले रशीदभाई, रुग्णवाहिकेचे चालक. बावीस वर्षं गाडी चालवलेली, खिशात कायम विडीचं बंडल. त्यांनी फुंकलं आणि मी आकडा दाखवला, अठ्ठावीस.

"हे माझ्या पोटात हाय व्हय?" ते दचकून म्हणाले.

"आत्ता हाय. रविवारपर्यंत कमी करूया की," ताई म्हणाल्या.

त्यांनी गोळ्या दिल्या, तलफ आली की काय करायचं ते सांगितलं. रशीदभाई दर आठवड्याला येऊ लागले. अठ्ठावीसचे एकोणीस झाले, एकोणीसचे नऊ. नऊ आला त्या दिवशी त्यांनी मला सदऱ्यानं पुसलं. तेवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

पुढं रुग्णालय धूरमुक्त झालं. भिंतींवर फलक लागले, ते योग्यच होतं. पण प्रशासक गणपतराव घाईचे. त्यांनी मला नऊ नंबरातून उचललं आणि फाटकावर, पहारेकऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं. कामावर येणाऱ्या प्रत्येकानं फुंकायचं. लाल दिवा लागला की नोटीस. तीन नोटिसा झाल्या की काम बंद.

मित्रांनो, मी तोच होतो, आकडेही तेच होते. पण माणसं माझ्याकडे बघेनात. सफाईच्या बनाबाई तर रोज मान फिरवूनच फुंकायच्या. त्या विडी ओढत नव्हत्या, तरी हिरवा दिवा लागला का हे पहारेकऱ्याला दोनदा विचारायच्या. कुणी मला 'चुगलखोर' म्हणालं. दिवसभरात शंभर श्वास माझ्यातून जात, आणि तरीही मी कधी नव्हतो इतका एकटा होतो.

एका दुपारी रशीदभाई गारगोटीहून एका अत्यवस्थ तरुण बाईला घेऊन निघाले. ती वाटेतच दगावली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फाटकावर फुंकलं. मी सतरा दाखवले; विडी पुन्हा पेटली होती. खोटं बोलता आलं असतं तर त्या दिवशी मी बोललो असतो. त्यांनी नोटीस घडी करून खिशात ठेवली. पुढच्या आठवड्यात दुसरीही मिळाली. त्यानंतर ते नऊ नंबरात गेले नाहीत. दुसरंही कुणी गेलं नाही. ताई रिकाम्या खोलीत बसून राहत, आणि मी फाटकावर.

महिनाभरानं एका सकाळी गणपतराव फाटकावर उभे असताना रशीदभाई ताईंना घेऊन आले. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर अर्धी जळलेली विडी होती.

"साहेब, ही माझी हाय. ऑक्सिजनच्या खोलीमागं ओढली. फाटकाबाहेर ओढायला भ्या वाटतंय, ओढून आत आलं की लाल दिवा लागतोय न्हवं? म्हणून सकाळी फुंकून झालं की सगळी तिकडंच जात्यात. ती टाकी बघितली आणि माझंच काळीज उडालं. एक ठिणगी पडली असती तर वॉर्डात माणसं हायत, साहेब."

गणपतरावांचा चेहरा उतरला. "ऑक्सिजनपाशी? अक्कल हाय का तुला? ही तुझी तिसरी नोटीस व्हईल!"

"ठावं हाय," रशीदभाई म्हणाले. "म्हणून तर चार दिस गप होतो."

संघप्रियाताई पुढं झाल्या. "साहेब, ह्यांना काढलासा तर उद्या दुसरं कोण सांगायला येणार? आवारात ओढायचं न्हाय, हा नियम ऱ्हाऊ द्या. मीच त्याच्या बाजूची हाय. पण हे यंत्र माणसं सुधारायला घेतलंय, धरायला न्हाय."

गणपतराव एकटेच ऑक्सिजनच्या खोलीमागं गेले. परत आले तेव्हा त्यांच्या रुमालात विड्यांची थोटकं होती, पुष्कळ. त्यांनी रुमाल टेबलावर ठेवला, मला उचललं आणि ताईंच्या हातात दिलं.

"रशीद, गाडीवर जा," एवढंच म्हणाले.

सगळ्या नोटिसा रद्द झाल्या. आवारात धूर बंदच राहिला. पण नऊ नंबरात यायला कामाच्या वेळेत सवड मिळू लागली. रशीदभाई परतले. दोनदा घसरले, दोनदा सावरले. आता त्यांची विडी सुटून तीन वर्षं झाली आहेत. बाकीची माणसं मात्र लवकर परतली नाहीत. भीती घालायला एक दिवस पुरतो, ती जायला किती लागतात हे मी खोलीतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून शिकलो.

मग माझं आतलं मोजणारं अंग झिजलं. नवा मापक आला. ताईंनी माझे सेल काढले आणि मला फळीवर ठेवलं. तिथं मला कुणी हात लावत नव्हतं.

परवा धुलाईघरातला गुंडू दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, फाटकावरच्या त्या दिवसांत दोन नोटिसा खाल्लेला. नवं यंत्र बघून तो मागं सरकला. मग त्याला मी दिसलो.

"त्यो वरचा बंद हाय न्हवं?"

"बंद हाय, गुंडूमामा."

"मग त्यातच फुंकतो."

ताईंनी मला खाली घेतलं, पुसलं, नवी नळी लावली. गुंडूनं श्वास रोखला. ताई पंधरापर्यंत मोजत राहिल्या. त्यानं फुंकलं. मी काहीच दाखवलं नाही, ना हिरवा, ना लाल. एवढं बघून तो खुर्ची ओढून बसला.

"दिसाला दोन बंडलं लागत्यात मला," तो म्हणाला. "कुणाला सांगितलं न्हवतं."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं असं व्यसन असेल तर त्यांचा आकडा विचारू नका. आधी त्यांच्याजवळ बसा.