शिट्टीच्या आधी वाजलेला डबा

मित्रांनो, जरा सावरून बसा. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मला हळू बोलायची सवय नाही. माझी एक बाजू चेपलेली आहे, झाकण कधीच हरवलं आहे आणि तळाच्या कोपऱ्यात गंज चढला आहे. तरी मला बघून नाक मुरडू नका. शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर मला जेवढा मान मिळाला, तेवढा हार घालून बोलावलेल्या पाहुण्यांनाही मिळालेला नाही. ही बढाई नाही. बरं, थोडीशी आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. चकचकीत पत्रा कापला, दुमडला, कडांना डाख दिला आणि मी उभा राहिलो. आधी माझ्या पोटात पंधरा लिटर तेल होतं. ते एका बेकरीत संपलं आणि बेकरीवाल्याने मला दुकानाबाहेर भिरकावलं. तिथून मला उचललं ते समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या मालकांनी. सगळी गल्ली त्यांना घड्याळकाका म्हणायची. त्यांनी मला गरम पाण्याने आणि सोड्याने तीनदा धुतलं. एवढ्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता, म्हणून पहिले आभार त्यांचेच.

काकांना मी हवा होतो तो बसायला. दुकानासमोरच मुलींच्या शाळेचं मैदान होतं. तिथे फुटबॉलचा सामना असला, की काका दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचे, मला काखोटीला मारायचे आणि मैदानाच्या कडेला, गोलच्या खांबापासून दहा पावलांवर मला उपडा टाकून माझ्यावर बसायचे. घरात त्यांना मूलबाळ नव्हतं, शाळेशी काही नातंही नव्हतं. पण त्या अकरा मुलींचा खेळ म्हणजे त्यांचा जीव की प्राण! चेंडू पलीकडे गेला की ते उठायचे, अलीकडे आला की धपकन बसायचे. माझी एक बाजू चेपली ती अशीच.

एकदा आमच्या मुलींनी शेवटच्या मिनिटाला गोल मारला. काकांना काही सुचेना. त्यांच्या पिशवीत एका भिंतीवरच्या घड्याळाचा पितळी लंबक होता, दुरुस्तीसाठी आणलेला. तो घेऊन त्यांनी मला असं बडवलं, की झाडावरचे कावळे उडाले! मलाही तेव्हाच कळलं, की आपल्याला आवाज आहे. पुढे घड्याळाच्या मालकाने नवा लंबक बसवून घेतला आणि जुना आमच्याकडेच राहिला.

मैदानावर घड्याळ नव्हतं. मग काकांनी एक रीत पाडली. हातात स्वतः दुरुस्त केलेलं स्टॉपवॉच धरायचं आणि दहा मिनिटं उरली की माझ्यावर दहा ठोके द्यायचे, पाच उरली की पाच, एक उरलं की एक. पंचांची शेवटची शिट्टी झाली, की मग धडाधड गजर! मुली माझ्या ठोक्यांवर खेळायच्या. एक ठोका पडला, की पुढच्या मुली मागे धावत यायच्या. तेव्हाच्या गोलकीपर पोरीला सगळे 'भिंत' म्हणायचे, कारण तिच्या हातून चेंडू सुटायचाच नाही. सामना सुरू व्हायच्या आधी ती न चुकता आमच्याकडे यायची आणि हातमोज्याने मला एक टपली मारायची.

"काय काका, डबा भरपेट जेवलाय ना?"

"अगं, रिकाम्या पोटीच तर तो छान गातो!" काका म्हणायचे.

आता ते सांगतो, जे सांगताना माझा पत्रा अजून थरथरतो.

करंडकाचा शेवटचा सामना होता. समोर पुलापलीकडची शाळा. आम्ही एका गोलने पुढे होतो. मध्येच त्यांच्या एका मुलीचा पाय मुरगळला आणि खेळ तीन मिनिटं थांबला. असा थांबलेला वेळ पंच शेवटी भरून देतात, हे मैदानावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काकांनाही होतं. पण त्यांनी स्टॉपवॉच थांबवलं नाही. जन्मभर बंद पडलेली घड्याळं चालू करणारा माणूस तो! चालतं घड्याळ आपल्या हाताने बंद करायचं, हे त्यांच्या बोटांना माहीतच नव्हतं. आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर त्या घाईगर्दीत ती तीन मिनिटं त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेली.

काट्याने शेवटचा सेकंद ओलांडला. काका मैदानाकडे नाही, घड्याळाकडे बघत होते. "संपली वेळ!" ते ओरडले आणि शिट्टीची वाट न बघता माझ्यावर गजर सुरू केला.

आमच्या मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. भिंतीने हातमोजे काढून आभाळात उडवले. शिट्टी झालीच नव्हती, मित्रांनो. समोरच्या एका मुलीच्या पायात चेंडू होता. तिने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि तो हळूच रिकाम्या गोलमध्ये ढकलला.

सामना बरोबरीत गेला आणि पेनल्टीवर आम्ही हरलो. तेव्हाचे खेळाचे सर सगळ्यांसमोर भिंतीवर कडाडले, "हातमोजे काढायला कुणी सांगितलं होतं तुला? अक्कल गहाण टाकलीस का?"

तिने एकदा आमच्याकडे पाहिलं. बोट दाखवलं असतं, तर ती सुटली असती. तिने मान खाली घातली आणि एक शब्दही काढला नाही.

काकांनीही काढला नाही. 'मीच वाजवलं' एवढे दोन शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. ते माझ्यावरच बसले होते, म्हणून मला त्यांची धडधड कळत होती. पण सर निघून गेले, मुली गेल्या, मैदान रिकामं झालं आणि ते दोन शब्द तसेच राहून गेले.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्यात मोडके काटे, स्प्रिंगा आणि तुटक्या तबकड्या ठासून भरल्या आणि मला माळ्यावर टाकलं. भंगारात का नाही दिलं, कोण जाणे. पण दिलं नाही, याबद्दलही त्यांचे आभारच. सामना असला, की आता ते शटर अर्ध्यावर नाही, पूर्ण खाली ओढायचे आणि आत दिवा लावून बसायचे. बाहेरच्या आरोळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून सगळी गजराची घड्याळं एकदम चालू करायचे. कोण कल्लोळ व्हायचा! मी मात्र मुका. अशी नऊ वर्षं गेली.

एका सकाळी दुकानात एक उंच बाई आल्या. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. शाळेच्या नव्या खेळाच्या बाई.

"काका, हे सुरू होतं, पण थांबतच नाही. बटण दाबून अंगठा दुखायला लागला."

काकांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. आवाज ओळखला होता त्यांनी. ती भिंत होती.

त्यांच्या हातातला चिमटा काचेवर पडला. "तुझा करंडक मी घालवला," ते म्हणाले. नऊ वर्षं अडकलेलं एकदम बाहेर आलं. "गजर मी वाजवला. तू बोलणी खाल्लीस आणि मी तिथेच बसून राहिलो. मला तोंड दाखवायला जागा नाही गं."

बाई स्टुलावर बसल्या. "राग आला होता, काका. खोटं कशाला बोलू? वर्षभर या रस्त्याने आले नाही मी." मग म्हणाल्या, "पण हातमोजे तर मीच काढले ना? शिट्टी कुठे ऐकली होती? आता माझ्या पोरींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. शिट्टी होईपर्यंत हातमोजे हातातच! डबा कुठंय?"

"तो विषय नको."

"शनिवारी पुलापलीकडच्या शाळेशी सामना आहे. मैदान कसं सुनं वाटतं. या तुम्ही."

"नाही जमणार."

दुकानामागेच काकांचं घर होतं; तिथे पडद्याआड त्यांच्या बायको, म्हणजे काकू, भाजी निवडत होत्या. त्या तरातरा बाहेर आल्या, दुसरं स्टूल ओढलं आणि त्यावर चढून मला माळ्यावरून खाली ओढलं. मी धाडकन जमिनीवर आलो, तबकड्या घरभर.

"अहो, नऊ वर्षं हा डबा माळ्यावर आणि नऊ वर्षं तुमचं तोंड एवढंसं!" काकू कडाडल्या. "पोरगी स्वतः बोलवायला आलीय आणि भाव काय खाताय? ते काटेबिटे उचला आधी."

काका खाली बसले आणि एकेक काटा वेचू लागले. वेचता वेचता म्हणाले, "येईन. पण शेवटचा गजर तू हात वर केल्याशिवाय वाजवायचा नाही मी. माझ्यावर विश्वास नाही माझा."

"ठरलं," बाई म्हणाल्या.

शनिवारी काकूंनी मला सोड्याने धुतलं. काकांना आता लांबचं नीट दिसत नव्हतं, पण ते त्याच दहा पावलांवर बसले. पहिले दहा ठोके त्यांनी एकेक मोजून दिले. माझा आवाज फुटला तेव्हा मैदानातली एक मुलगी दचकून पडलीच! पण पाच ठोके पडले, तोवर साऱ्या मुली माझ्या तालावर पळत होत्या.

दोनास एक अशा गोलांनी आम्ही पुढे होतो. मध्ये एक मुलगी पडली, खेळ थांबला. काकांनी डोळे मिटले आणि अंगठा दाबला. स्टॉपवॉच थांबलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण काटा जागेवर उभा होता.

खेळ सुरू झाल्यावर त्यांनी ते पुन्हा चालू केलं. काट्याने फेरा पूर्ण केला, तरी शिट्टी होईना. समोरच्या शाळेला कॉर्नर मिळाला. काकांनी लंबक मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिले. चेंडू उंच आला. आमच्या छोट्या गोलकीपरने उडी मारली आणि तो छातीशी कवटाळून ती चिखलात लोळली. लांबलचक शिट्टी झाली.

सगळं मैदान उसळलं. फक्त मी गप्प.

"काका, वाजवा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हात वर झाला नाही अजून," काका म्हणाले.

बाई मुलींच्या घोळक्यात अडकल्या होत्या. त्यांच्या काही लक्षातच नव्हतं. माणसं ओरडतायत, काकू काकांच्या पाठीत चापट्या मारतायत आणि काका तसेच, पुतळ्यासारखे! शेवटी बाईंनी मान वळवली. आम्हाला पाहिलं आणि त्यांना आठवलं. त्या हसत हसत पिशवीपाशी धावल्या. पिशवीतून जुने, विरलेले हातमोजे काढले, हातांत घातले आणि दोन्ही हात वर केले. मग हातमोजे काढून त्यांनी आभाळात भिरकावले.

आणि मी वाजलो! काकांनी असं बडवलं मला, की माझी दुसरी बाजूही चेपली. काका रडत होते आणि बडवत होते. मला जरासुद्धा दुखलं नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी दुकानातच असतो, रिकामा आणि पुसलेला. गंजाच्या कोपऱ्याला काकूंनी रंग लावला आहे. मला धुणाऱ्या हातांचे, मला माळ्यावरून ओढणाऱ्या हातांचे आणि त्या दिवशी माझ्याकडे बोट न दाखवणाऱ्या त्या एका हाताचे उपकार मी कसे फेडू? तुमच्याही घरात एखादी वस्तू असेल, एखादं माणूसही असेल, एका चुकीपायी कोपऱ्यात पडलेलं. त्याला बाहेर काढा, जरा पुसा, बोलतं करा.

आणि मैदानावर आलात, तर माझ्याजवळच बसा. कान दुखले तर मात्र तक्रार करू नका. मी नऊ वर्षं गप्प होतो.