बनुमावशींची मूठ

"आवं सर, भरू नगा. माल आजून कच्चा हाय."

बनुबाई बोलून गेल्या. खिचडी ढवळायचा डाव हातात तसाच राहिला. शाळेच्या स्वयंपाकघरामागे आठवीची मुलं बेदाण्याच्या जाळीभोवती बरण्या घेऊन बसली होती. सगळ्यांनी वळून पाहिलं ते खिचडी शिजवणाऱ्या या मावशींकडे.

मोहिते सर गणिताचे, संयोगिता मॅडम विज्ञानाच्या. यंदा दोघांनी मिळून एकच प्रकल्प घेतला होता. दहा किलो द्राक्षं जाळीवर वाळवायची, रोज वजन करायचं, आलेख काढायचा आणि पाणी किती उडालं ते शोधायचं. तासगावकडच्या खेड्यातल्या मुलांना द्राक्षांचं कसलं आलंय कौतुक! पण घरच्या बेदाणा शेडकडे कधी न फिरकणारी पोरं इथे मात्र दप्तर टाकायच्या आधी काट्याकडे पळायची.

"मावशी, दोन दिवस वजन हललेलं नाही," सरांनी आलेखाची वही पुढे केली. "दोन किलो नऊशेवर रेघ सपाट झालीय. म्हणजे पाणी संपलं."

बनुबाईंना रेघेतलं काही कळत नव्हतं. शाळा चौथीतच सुटलेली. पण बेदाणा शेडवर त्यांनी वीस हंगाम काढले होते. तिथेही एकदा असंच झालं होतं. ढगाळ दिवस, मालकाला घाई, आणि मूठ दाबताच बनुबाईंना कळलं होतं की माल ओला आहे. त्या गप्प बसल्या. आठ दिवसांत खोकी आंबली आणि बायांनी नीट पारखलं नाही म्हणून त्यांनाच घरी बसवलं. काम गेल्याचं दुःख पुढे विसरलं, पण आपण तोंड उघडलं नाही ही बोच काही गेली नाही.

आजही त्या गप्प बसल्या असत्या तर कुणी काही म्हणालं नसतं. पण पुढच्या आठवड्यात तालुक्याला सादरीकरण होतं आणि पोरांनी पंधरा दिवस जीव लावला होता.

"दोन दिस आभाळ हाय, सर. हवाच वली, तर माल कुटनं वाळंल? ह्ये बगा." त्यांनी मूठभर बेदाणे दाबून हात उघडला. गोळा तसाच राहिला. "वाळल्याला माल सुटा पडतो."

मोहिते सरांना त्यांच्या आलेखावर कुणी बोट ठेवलेलं खपत नसे. पण मॅडम आधी बोलल्या. "हवेतला ओलावा आपण नोंदवलाच नाही, सर."

सरांनी वही मिटली. "वाद कशाला? अर्धा माल बरणीत, अर्धा जाळीवर. करूनच बघू."

पुढचे दोन दिवस बनुबाईंचं कामात लक्ष नव्हतं. एकदा तर खिचडीत दोनदा मीठ पडलं. आपलं चुकलं तर पोरं हसतील, आणि हसली नाहीत तर कीव करतील, ते त्याहून वाईट.

कडक ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी बरणीला आतून घाम फुटला होता आणि झाकण काढताच आंबूस वास आला. जाळीवरचा माल साडेचौदाशे ग्रॅमवरून साडेबाराशेवर उतरला होता. वर्गात कधी हात वर न करणारी साक्षी काट्यापासून उठली आणि म्हणाली, "मावशी, ही मूठ आमाला शिकवा की."

मग बनुबाईंचे डोळे बांधून परीक्षा झाली. कच्च्या-पक्क्या मालाच्या दहा मुठी, त्यातल्या नऊ बरोबर. मुलं लाडानं दहा लिहायला निघाली, तशा बनुबाई रुमाल सोडत म्हणाल्या, "न्हाई गं, एक चुकली न्हवं? ती बी लिवा."

मोहिते सर खूश झाले. आपल्या विषयाचं माणूस भेटलं, असं ते मॅडमना म्हणाले.

सादरीकरणाला मुलांनी मावशींना एसटीत घालून नेलंच. ठेवणीतली साडी नेसून त्या टेबलामागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. तक्त्यावर साहित्याची यादी होती. चौथीपर्यंतचं वाचन तेवढ्याला पुरलं. वजनकाटा, तापमापी, जाळी, बनुमावशींचा हात. त्यांनी ते दोनदा वाचलं.

परीक्षक बाईंनी यादीवर बोट ठेवलं. "हे शेवटचं साहित्य कुठे आहे?"

मुलं बाजूला सरली. बनुबाईंनी पदराखालचा हात बाहेर काढला, साडीला पुसला आणि टेबलावर काट्याशेजारी ठेवला.