रिकाम्या बरण्या

जर्मनीतल्या बॉट्रॉपमध्ये स्वस्ताच्या दुकानात जायला कुणालाच लाज वाटत नाही. पेन्शनीत निघालेला खाणकामगार आणि दातांचा डॉक्टर तिथे एकाच रांगेत उभे असतात, आणि दोघांच्याही ढकलगाडीत तीच कॉफी, तीच बटर बिस्किटं, मोहरीच्या रश्शातल्या हेरिंग माशांचे तेच चपटे डबे. फेसाळ वाइन तर डॉक्टरच जास्त नेतो. सप्टेंबरात, अजून अंगात अर्ध्या बाह्यांचे शर्ट असताना, दुकानात नाताळचं बदामाचं मार्झिपान मांडलं जातं. मग सगळी गल्ली "आत्तापासून? काही ताळतंत्र?" असं म्हणते आणि दोन-दोन पाकिटं उचलते. कुठली अंड्याची दारू खरी दाट आणि कुठली नुसती पिवळी, यावर तिथली माणसं जितक्या पोटतिडकीनं भांडतात तितकी निवडणुकीवरही भांडत नाहीत.

पण लाल कोबी? छे, छे! नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला हंस भाजायचा, त्याच्याबरोबर बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी वाढायचा, आणि तो कोबी घरीच चिरायचा, घरीच मंद आचेवर शिजवायचा. हंस एक वेळ बिघडला तरी चालेल. बरणीतला कोबी वाढणारी बाई मात्र लोकांच्या तोंडी पुढच्या सणापर्यंत राहणार.

वाल्बुर्गा पियोन्टेक गेली कित्येक वर्षं बरणीतलाच कोबी वाढत होती.

ती मुळात अशी नव्हती. म्युन्स्टरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती या खाणवाल्यांच्या घरात आली तेव्हा आईकडून शिकलेला कोबी तिने मोठ्या उमेदीनं रांधला होता. सासूबाईंनी, म्हणजे हेडविग पियोन्टेक यांनी, एक घास घेतला आणि काटा खाली ठेवला.

"असा करतात वाटतं तुमच्या खेड्यात?"

बस, एवढंच. पण तेवढ्यानं तिच्या माहेराची चार पिढ्यांची चूल विझली. दुसऱ्या वर्षी व्हिनेगर जास्त, तिसऱ्या वर्षी साखर कमी. नणंद रोझविटा तर बशीच्या कडेला कोबीचा ढीग करून ठेवायची आणि म्हणायची, "आईच्या हाताची चव शिकून येत नाही गं, ती असावी लागते." चौथ्या वर्षी पोराला ताप होता, वाल्बुर्गाच्या रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि कोबी चिरायला ना वेळ होता ना जीव. ती दुकानात गेली, बरण्या आणल्या, एक सफरचंद किसून घातलं, दोन लवंगा टाकल्या, हंसाची चरबी सोडली आणि देवाचं नाव घेऊन वाढलं.

सासूबाई चावत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"जमला," त्या म्हणाल्या. "हा अगदी माझा आहे."

पुढच्याच वर्षी त्यांनी आपलं काळं बिडाचं भांडं सुनेच्या हवाली केलं. पियोन्टेकांच्या घरात ते भांडं म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. रोझविटानं त्या दिवसापासून जो रुसवा धरला तो आजतागायत सोडला नव्हता. आणि वाल्बुर्गा? ती एका बरणीच्या जोरावर घरची झाली. आता तिची तगमग एकच होती: हे पितळ उघडं पडलं तर भांडं जाईल, आणि भांड्याबरोबर आपणही पुन्हा ती खेड्यातली पोर होऊ.

लपवायला तसं फार काही नव्हतं. बरण्यांची पत्र्याची झाकणं पत्रा-प्लास्टिकच्या पिवळ्या कचरापिशवीत जायची, वरचे कागद भिजवून कागदाच्या डब्यात. उरायची ती काच. काच टाकायची काचकुंडीत, आणि वस्तीतली काचकुंडी नेमकी रोझविटाच्या खिडकीसमोर. कोण काय टाकतंय, कुणाकडे वाइनच्या बाटल्या वाढल्या, कुणाच्या नवऱ्यानं पुन्हा सुरू केली, हे सगळं रोझविटाला पडद्याआडून कळायचं. मग घरच्या साध्या कचऱ्यात दडपून द्यायच्या की नाही त्या बरण्या? कुणी दुसऱ्या देशातली असती तर हेच केलं असतं. पण वाल्बुर्गा नवऱ्याच्या सख्ख्या आईला फसवू शकत होती, साध्या कचऱ्यात काच टाकू शकत नव्हती. ते पाप तिच्या हातून झालंच नसतं. तिनं बरण्या धुतल्या, पुसल्या आणि तळघरात फळीवर मांडल्या. दर वर्षी फळी भरत गेली.

त्या वर्षी ऑक्टोबराच्या शेवटी रोझविटा घडीच्या खुर्च्या न्यायला आली. वस्तीतल्या बागवाल्यांच्या मंडळाच्या क्लबघरात दर वर्षी मार्टिनचं जेवण व्हायचं, आणि तिथल्या खुर्च्या कधीच पुरायच्या नाहीत. वाल्बुर्गाचा नवरा आल्विन तिला थेट तळघरात घेऊन गेला. वाल्बुर्गा धावत मागून उतरली, तोवर नणंद फळीसमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"अगं बाई! काचेचा कारखाना काढलायस की काय?"

"कोबीसाठी," वाल्बुर्गाच्या तोंडून निघून गेलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते खोटं नाही. मुरंब्यासाठी म्हणाली असती तर काही बिघडलं नसतं. "म्हणजे... मी कोबी भरून ठेवते. हिवाळ्यासाठी."

"हाताने? इतका?"

"हो तर."

रोझविटाचे डोळे चमकले. "मग हे बघ. यंदा घरून भरून आणू नकोस. क्लबघराच्या स्वयंपाकघरातच कर, सगळ्यांसमोर. मी चिरू लागते. आई नव्वदीला टेकली, तिचा कोबी कुणी शिकून घ्यायला नको? की मला शिकवायचं नाहीये?"

"शिकवायचं का नाही," वाल्बुर्गा म्हणाली आणि जिन्याचा कठडा घट्ट धरला. आल्विन खुर्च्या मोजत होता. बायकोच्या बरण्यांकडे त्यानं आजवर पाहिलं नव्हतं, आजही पाहिलं नाही. तसा तो देवमाणूस.

सणाचा रविवार उजाडला. वाल्बुर्गानं गाडीच्या डिकीत, स्टेपनीशेजारी, चार भरलेल्या बरण्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवल्या. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. दहा बायकांच्या देखत बरणी कशी उघडणार होती ती? पण धीर म्हणून असू देत. काही बायका पर्समध्ये देवाचा फोटो ठेवतात, तसं.

मग तिनं बाह्या सरसावल्या. आता कोबी चिरण्यावाचून सुटका नव्हती, आणि येत होता तो एकच, आईचा. रोझविटा शेजारी उभी राहून पाळत ठेवून होती.

"इतका बारीक चिरतेस? आई तर जाड चिरायची."

"बारीक."

"आणि कांदा? आईच्यात कांदा असतो?"

"तू चीर, बोलू नकोस."

आश्चर्य म्हणजे हात सगळं विसरले नव्हते. कांदा चरबीत पारदर्शक झाला, सफरचंद विरघळलं, व्हिनेगर पडताच कोबीचा निळसर रंग लालभडक झाला, आणि खेड्यातल्या त्या चुलीचा वास क्लबघरभर पसरला. वाल्बुर्गाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते कांद्याच्या नावावर खपवलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. चाकांचा वॉकर ढकलत, त्याच्या टोपलीवर विणलेलं झाकण, केसांना नवा कुरळेपणा. वृद्धाश्रमातून त्या फक्त दोन गोष्टींसाठी बाहेर पडायच्या, मार्टिनचा हंस आणि कुणाचा तरी अंत्यविधी.

"आई, तू आधी चाख!" रोझविटानं ओरडून सगळ्या बायका गोळा केल्या. "तू सांग, बरोबर आहे का!"

सासूबाईंनी चमचा तोंडात घातला. चावला. थांबल्या. पुन्हा चावला.

"हा आपला नाही," त्या म्हणाल्या.

भट्टीत हंसाची चरबी तडतडत होती. रोझविटाचा चेहरा फुलला. वाल्बुर्गा पळीकडे बघत राहिली. इतकी वर्षं ज्याला भीत आलो तो दिवस हाच, तिला वाटलं. हात दाखवून अवलक्षण.

सासूबाईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मग वॉकर जमिनीवर आपटला.

"सगळ्या बाहेर व्हा. याला माझा शेवटचा हात लागायचा राहिलाय."

"मी थांबते, आई. मला शिकायचं—"

"तू बटाट्याचे गोळे बघ. मागच्या वर्षी दगड होते."

दार लागलं. सासूबाई स्टुलावर बसल्या.

"वाल्बुर्गा, मी एक सांगणार आहे. कुणाला बोललीस तर मेल्यावरही सोडणार नाही." त्यांनी टोपलीवरचं विणलेलं झाकण उचललं. आत लोकरीचा गुंडा होता, आणि गुंड्याखाली लाल कोबीच्या दोन बरण्या. स्वस्ताच्या दुकानातल्या. त्याच.

वाल्बुर्गानं एक बरणी उचलून उलटसुलट पाहिली.

"माझा कोबी हा आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुझा सासरा खाणीत एका पाळीला, माझा दीर दुसऱ्या, मोठा मुलगा तिसऱ्या. दिवसातनं तीनदा चूल. दुकान निघालं, त्यात बरणी दिसली. मी सफरचंद टाकायची आणि गप्प बसायची. मग तू आलीस. चार वर्षं धडपडलीस, आणि एक दिवस हुबेहूब हाच कोबी वाढलास! मी हादरले. म्हटलं, जे मी बरणीतनं काढते ते ही पोर हातानं करते! उद्या कुणी म्हणालं, हेडविग, तूही करून दाखव, तर? म्हणून भांडंच देऊन टाकलं. सुंठीवाचून खोकला गेला."

"आई..."

"परवा रोझविटा म्हणाली, तू सगळ्यांसमोर करणार. मला वाटलं, आता मलाही पळी धरायला लावतील. म्हणून या घेऊन आले. हसतेस काय?"

वाल्बुर्गा टेबलाचा कोपरा धरून हसत होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात ॲप्रन कोंबून. मग मागच्या दारानं ती गाडीकडे गेली आणि ब्लँकेटाचं गाठोडं आणून स्टुलापुढे सोडलं. चार बरण्या.

सासूबाईंनी बरण्यांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"पहिल्यापासून?"

"पोराला ताप होता त्या वर्षापासून."

"म्हणजे मी तुला भ्यायले..."

"आणि मी तुम्हाला."

म्हातारी खो खो हसली. नंतर तिनं न सांगताच पुन्हा पळी भांड्यात घातली. एक घास, मग आणखी एक.

"हा कुणाचा?"

"माझ्या आईचा. तोच, पहिल्या वर्षीचा."

"चांगला आहे," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हाही चांगलाच होता."

वाल्बुर्गाचं हसू मावळलं. "मग तेव्हा काटा का खाली ठेवलात? मी रात्रभर रडले होते, आई. माहेरी पत्रसुद्धा पाठवलं नाही महिनाभर, काय कळवणार?"

"चांगला होता म्हणूनच." सासूबाईंनी पळीकडे पाहतच म्हटलं. "माझ्या बरणीपेक्षा चांगला होता. आणि टेबलावर सगळे बसले होते. वाईट वागले मी."

एवढं त्या आयुष्यात कुणाला म्हणाल्या नव्हत्या. आल्विनलाही नाही, देवालाही नसेल.

बाहेरून रोझविटानं दार ठोठावलं. "झालं का? हंस कापलाय!"

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. "हाच वाढू या का?" वाल्बुर्गानं आपल्या भांड्याकडे बोट दाखवलं.

"हा? त्यांना?" सासूबाईंनी नाक मुरडलं. "त्यांना बरणीची सवय आहे. बरण्या उघड. हा आपण उद्या खाऊ, मी येते जेवायला. आणि पुढच्या वर्षी मी आधीच सांगून ठेवते, पियोन्टेकांचा कोबी आता बारीक चिरायचा, कांदा घालायचा. मी सांगितलं की कोण नाही म्हणतंय?"

सहा बरण्या दुसऱ्या पातेल्यात गेल्या, एक सफरचंद, दोन लवंगा. जेवणाच्या टेबलावर रोझविटानं पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "हाच," ती म्हणाली. "आई, तुझ्या एका हातानं बघ काय झालं!" आणि वहिनीच्या पाठीवर तिनं चक्क हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. शिकशील."

"शिकेन," वाल्बुर्गा म्हणाली.

निघताना अडचण उरली ती काचेची. रविवारी काचकुंडीत काच टाकायची नाही, खळखळाटानं लोकांची विश्रांती मोडते, तशी पाटीच आहे. आणि क्लबघराच्या कचऱ्यात काच टाकावी, हे दोघींपैकी कुणाच्या मनातही आलं नाही. सहाही बरण्या धुऊन लोकरीखाली टोपलीत बसवल्या. अंगणात फरसबंदी खडबडीत होती, म्हणून आईचा वॉकर ढकलायला रोझविटा स्वतः पुढे सरसावली. तिला नको म्हणायची कुणाची टाप?

खण्. खण्खण्. खण्.

रोझविटा थांबली. "आई, हे काय वाजतंय?"

"माझे गुडघे," सासूबाई म्हणाल्या. "चल पुढं. आणि उद्या नऊनंतर खिडकीत बसू नकोस, मी आणि वाल्बुर्गा तुझ्या घरावरनं जाणार आहोत. आम्हाला जरा कामं आहेत."